बियाण्याचा दोडका

आज दुपारी दोडक्याच्या शिरा तव्यावर टाकल्या आणि तीळ तडतडायच्या आतच सगळं घर त्या वासानं भरून गेलं. हिरवट, थोडा करपट, पोटात भूक नसतानाही तोंडाला पाणी आणणारा वास. बाहेर हॉलंडातल्या या झूटरमेरचं ऑक्टोबरातलं आभाळ ओल्या घोंगडीसारखं छपरांवर टेकलं होतं, म्हणून खिडकी उघडली नाही. वास आत कोंडला गेला तर गेला. दोडका काही घरचा नव्हता. जवळच्या रायस्वाइक गावातल्या भारतीय दुकानातून आणलेला, विमानातून येऊन दमलेला, देठाकडे मऊ पडलेला. तरी सवयीनं सोलण्याआधी टोकाची चकती कापून जिभेला लावून पाहिली. कडू नव्हता. कडूही नव्हता आणि गोडही नव्हता, नुसताच दोडका होता. मग शिरा काढता काढता माझं मन जिथं जाऊ नये असं मी रोज ठरवते तिथंच जाऊन बसलं, सांगलीच्या घरामागच्या मांडवाखाली.

तो मांडव आण्णांचा. आण्णा म्हणजे माझे वडील. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते, त्यामुळे आमच्याकडे मांडवसुद्धा बांबूचा नव्हता, टाकून दिलेल्या जस्ती पाइपांचा होता. चार खाटा जेमतेम मावतील एवढी जागा, पण ऐट अशी की जणू बारा एकरांचा बागायतदार! त्या मांडवावर दरवर्षी एकच वेल चढायचा, दोडक्याचा. नोकरीला लागले त्या वर्षी बरोबरच्या कुणा म्हाताऱ्या माणसानं त्यांना मूठभर बी दिलं होतं, तेच बी पुढं चाळीस वर्षं चालत आलं. बाजारात मिळतात तसे लांबलचक शेलाटे दोडके नव्हते ते. आखूड, पोटाशी जाड, शिरा अशा धारदार की सोलताना अंगठ्याला लागायच्या, आणि चवीला गोडसर. पाण्याचा थेंब न घालता भाजी व्हायची. आई म्हणायची, “याला काय लागतंय? मीठ दाखवायचं आणि झाकण ठेवायचं.”

पण त्या वेलाचा एक कायदा होता. पहिला दोडका खायचा नाही. तो बियाण्याचा. पोपटी असतानाच आण्णा त्याच्या देठाला आईच्या जुन्या साडीच्या काठाची लाल चिंधी बांधायचे, आणि एकदा चिंधी बांधली की घरात पाहुणा येवो नाहीतर सण येवो, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. एकदा माझ्या आत्यानं हौसेनं तोच तोडून आणला आणि वर “चिंधी कशाला बांधली होती रे?” म्हणून विचारलं. आण्णा दोन दिवस सख्ख्या बहिणीशी बोलले नाहीत. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढं दिवाळी सरता सरता तो दोडका वेलावरच वाळून खडखडीत व्हायचा, आणि मग आण्णा तो तोडून कानाशी धरून हलवायचे. आत बिया खुळखुळल्या की अंगणातूनच ओरडायचे, “वाजलाऽऽ!” शाळेचा निकाल लागल्यासारखं ते ओरडणं असायचं. काळ्याभोर बिया राखेत घोळवून औषधाच्या बाटलीत जायच्या आणि बाटली देवघराच्या फळीवर. “सगळं बी कधी पेरू नये. दोन-चार दाणे मागं ठेवावेत,” हेही त्यांचंच.

नदीला मोठा पूर आला त्या वर्षी पाणी घरात शिरलं. वेल गेला, बियाण्याचा दोडकाही गेला. फळीवरची बाटली तेवढी वाचली. त्यानंतरच्या जानेवारीत मी माहेरी गेले, तेव्हा निघताना आण्णांनी त्या बाटलीतलं अर्धं बी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, “आण्णा, तिकडं उन्हाळा म्हणजे चार दिवस. दोडका काय येतोय?” तर म्हणाले, “एका ठिकाणी ठेवलं होतं म्हणून बुडता बुडता राहिलं. दोन घरांत असलेलं बरं.” मी पुडी नाचणीच्या पिठाच्या डब्यात खुपसली. दोन महिन्यांत विमानं बंद पडतील आणि त्या अर्ध्याचीच राखण माझ्या गळ्यात पडेल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मग तो पहिला बंदिस्त वसंत आला. नवरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर मीटिंगांमध्ये, सहा वर्षांची लेक पायात घुटमळणारी, आणि मी घराच्या मागच्या बाजूला फरश्या उचकटत बसलेली. इथं घरामागच्या बागेत लोक फरश्याच जास्त घालतात. त्यांतल्या सहा फरश्या काढल्या तर खाली नुसती वाळू. दह्याच्या रिकाम्या डब्यांतून बिया खिडकीत रुजवल्या, आणि दोन पानं फुटल्याबरोबर मला कधी एकदा बाहेर लावते असं झालं. शेजारची डच आजी कुंपणापलीकडून हात हलवून नको नको म्हणाली. मेच्या मध्यापर्यंत थंडीचे संत असतात म्हणे, एकामागून एक येतात आणि कोवळं रोप दिसलं की गारठवून जातात. संत आणि रोपं मारतात! मी आण्णांना सांगितलं तर त्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला. पण म्हणाले, “ऐक तिचं. तिथली माती तिला माहीत.”

त्यांच्या चार वाजताच्या चहाला, म्हणजे माझ्या दुपारी साडेबाराला, रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. मी फोन वेलासमोर धरायची आणि आण्णा सांगलीतून बागकाम करायचे. इथं आळं कर, तिथं दोरी ताण, शेंडा खुड. जुलैत वेल कुंपण ओलांडून गेला. पिवळी फुलं यायला लागली. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. आमच्याकडे ती उमलली की आई दिवा लावायला उठायची. इथं संध्याकाळचे सात वाजले तरी डोक्यावर ऊन, आणि ती बिचारी फुलं भर उजेडात उमलून बसायची. महिनाभर सगळी खोटीच फुलं. पाठीशी इवलासा दोडका असलेलं फूल एकही नाही. आण्णांनी बरेच दिवस नुसतं पाहिलं आणि मग म्हणाले, “उजेड फार झालाय गं त्याला. दिवस आखडल्याशिवाय हा फळ धरायचा नाही.” आणि दिवस आखडायला लागले की इथं थंडी येते. म्हणजे ऊन आहे तोवर फळ नाही, आणि फळ येईल तेव्हा ऊन नाही. तेव्हाच समजायला हवं होतं मला.

ऑगस्ट अर्धा संपल्यावर एकच मादी फूल आलं. आण्णांनी सांगितल्याप्रमाणे नर फूल तोडून मी त्यावर अलगद टेकवलं. लेक श्वास रोखून बघत होती. दोडका धरला! त्या दिवशी आण्णा फोनवर आईला हाका मारत सुटले, “अगं ये, बघ, हॉलंडात धरला!” आणि मग लगेच गंभीर होऊन मला म्हणाले, “पहिला आहे. चिंधी बांध.” मी माझ्या लाल ओढणीचा काठ फाडून बांधला. दुसरा काही आलाच नाही.

आता यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. रात्री पारा आठवर आलेला, वेलाची पानं कडेनं पिवळी पडलेली. तो दोडका वीतभर झाला होता आणि कोवळा, तकतकीत होता. तो वाळणार नव्हता, हे मला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. पाच महिने घराबाहेर पडले नव्हते, आईच्या हातचं खाऊन आठ महिने झाले होते, आणि त्या दिवशी माझ्या मनानं नुसता हट्ट धरला. मी खाली वाकले आणि तो कापला. देठ आणि चिंधी वेलावर तशीच ठेवली. पाण्याचा थेंब न घालता भाजी केली, शिरांची चटणी केली, आणि आम्ही दोघी मायलेकींनी भर दुपारी पाटावर बसल्यासारखं जमिनीवर बसून ती संपवली. लेकीनं बोटं चाटून “लेकर!” म्हटलं, छान म्हणायचं झालं की तिला डचच सुचतं. मी रडले. इतकी गोड लागली ती भाजी, की मला त्या क्षणी कशाचाही पश्चात्ताप झाला नाही, आणि याचीच मला आज जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आण्णांनी विचारलं, “काय म्हणतोय बियाण्याचा?” मी फोन लांबून धरला. पानांआडून चिंधी दिसत होती. “आहे, आण्णा.” झालं! एवढंसंच खोटं होतं. दोन दिवसांनी हसत हसत सांगून टाकू, ओरडतील, आत्यासारखा अबोला धरतील दोन दिवस, असं वाटलं होतं. पण त्याच महिन्यात एक दिवस ते चहा न पिता बसून होते. म्हणाले, “तुला सांगितलं नव्हतं. माझ्याकडचं एकही उगवलं नाही यंदा. पुराची ओल लागली होती बाटलीला, तुझ्या पुडीतलं तेवढं सुकून वाचलं. म्हटलं, उगाच तुझा हिरमोड कशाला?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की सबंध पावसाळ्यात त्यांनी एकदाही फोन मांडवाकडे वळवला नव्हता. मी विचारलं की म्हणायचे, “आहे, बरा आहे वेल.” तेही खोटंच बोलत होते! आणि मग म्हणाले, “आता तुझा तो एकच. वाजला की चार बिया मला ठेव.”

तेव्हा तरी सांगायचं होतं. पण मी “ठेवते, आण्णा” म्हटलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, माझ्या कपाळी तो बसायला वेळ लागला इतकंच. सगळा हिवाळा ते विचारत राहिले, “वाजला का गं?” आणि मी सांगत राहिले. अजून ओला आहे. आत आणून टांगलाय. हीटरपाशी ठेवलाय. एका दोडक्याचा मी केवढा संसार मांडला! माझ्यापाशी त्या पुडीतले मागं ठेवलेले तीन दाणे तेवढे उरले होते. त्यांच्याच शिकवणीनं उरलेले. मनाशी ठरवलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात या तिनांतून बियाण्याचा दोडका खरा करायचा, मग कालचं खोटं आपोआप खरं होईल. तो एकच रस्ता उरला होता.

एप्रिलमध्ये तीन दाणे रुजत घातले. दोन उगवले. त्याच आठवड्यात आण्णांना ताप आला. तिकडे दुसरी लाट पेटली होती, इकडून विमानं पुन्हा बंद. आठव्या दिवशी हॉस्पिटलातून चुलतभावानं फोन लावून दिला. मास्कच्या आत त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. बोलायला बंदी होती, तरी मास्क जरासा सरकवून त्यांनी विचारलं काय? “वाजला का?” मी म्हटलं, “वाजला, आण्णा. खणखणीत वाजला. चार बिया तुमच्या ठेवल्यात.” त्यांनी हात थोडा वर केला. शाबास म्हणाले की पुरे म्हणाले, ते मला आजही कळलेलं नाही. दोन दिवसांनी ते गेले. अग्नी चुलतभावानं दिला, आणि मी तो इथल्या जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये पाहिला. मधेच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

थंडीचे संत गेले म्हणून मी रोपं बाहेर लावली. एक पहिल्याच रात्री गोगलगायीनं खाल्लं. राहिलं एक. तो उन्हाळा उन्हाळा नव्हताच, नुसता पाऊस आणि वारा. मी त्या वेलाला जन्मात कुणाला जपलं नसेल तसं जपलं. चहूबाजूंनी पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं, मुळाशी लोकरीचा जुना स्वेटर घातला. नवरा एकदा हळूच म्हणाला, “अगं, भाजीच आहे ना?” मी त्याच्याकडे असं काही पाहिलं असणार की पुन्हा तो बोलला नाही. पुन्हा जुलैभर खोटी फुलं, पुन्हा ऑगस्टच्या शेवटी एक खरं. दोडका धरला. या खेपेला आण्णांच्या फोटोसमोर नमस्कार करून चिंधी बांधली आणि त्याला हातसुद्धा लावला नाही. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात तो तपकिरी व्हायला लागला, मला वाटलं वाळतोय. वाळत नव्हता, कुजत होता. एक दिवस चिंधीजवळून देठ आपोआप निसटला आणि दोडका मातीत पडला. उचलला तर बोट आत रुतलं. बेसिनमध्ये धरून फोडला. आत बिया होत्या, पांढऱ्या, चपट्या, भाताच्या फोलपटासारख्या. तरी धुतल्या, वाळवल्या, पुढच्या वसंतात दह्याच्या डब्यांत पेरल्या. महिनाभर पाणी घातलं. शेवटी लेकच तिच्या डचमध्ये म्हणाली की आई, यात कुणी नाहीये.

आणि तेव्हाच आईचा फोन. अखेर मेमध्ये माहेरी जायचं ठरलं होतं. आई म्हणाली, “येताना आण्णांचं बी आण गं. तुझ्याकडं वाजलेलं आहे ना? हॉस्पिटलातून तसा निरोप पाठवला होता त्यांनी. मांडव ओका-ओका दिसतो, बघवत नाही.” मी म्हटलं, “आणते.” दुसऱ्याच दिवशी रायस्वाइकच्या दुकानात गेले आणि दोडक्याच्या बियांचं पाकीट घेतलं, वर लांबलचक दोडक्याचं चित्र असलेलं. घरी येऊन फोडलं तर बिया गुलाबी. औषध लावून रंगवलेल्या. मी हातमोजे घालून त्या नळाखाली चोळत बसले. बेसिनमधून गुलाबी पाणी वाहत होतं आणि मी चोळत होते, काळा रंग दिसेपर्यंत. मग शेजारच्या आजीकडे वाडगं घेऊन गेले. तिच्याकडे लाकडाची शेगडी आहे. राख कशाला हवी, तिनं विचारलं. मी सांगितलं, वडिलांसाठी. तिला काय समजलं कुणास ठाऊक, पण तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि वाडगं काठोकाठ भरून दिलं. बिया राखेत घोळवल्या, औषधाच्या बाटलीत भरल्या. हुबेहूब दिसत होत्या. सांगलीत आईनं बाटली घेतली, कपाळाला लावली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेल जोरात आला. यायचाच, पाकिटावर तसंच लिहिलं होतं. फोनवर आई मला पाइपांवरून लोंबणारे दोडके दाखवायची. “यंदा लांबट धरलेत गं,” ती म्हणाली. “परदेश बघून आले ना, उंची वाढली!” आणि स्वतःच हसली. दुसऱ्या एका दिवशी म्हणाली, “जरा पाणचट लागले. पाऊस फार झाला, त्यानं असेल.” मी म्हटलं, “त्यानंच असेल.” पहिल्या दोडक्याला तिनं आण्णांच्या सदऱ्याची चिंधी बांधली होती. आण्णांच्या बियाण्यातला एकही दाणा आता या जगात कुठं उरलेला नाही. ज्या घरातून चाळीस वर्षं तो चालत आला, तिथंही नाही आणि ज्या घरात त्यांनी तो राखायला दिला, तिथंही नाही. ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच आहे. मी सांगितलं नाही तर कुणालाच काही कमी वाटणार नाही. माणूस जातो तेव्हा निदान चार जण रडतात. एक चव गेली, तिच्यासाठी मी एकटीच तव्यापाशी उभी आहे, आणि माझ्याच दातांखाली ती संपली.

आज तवा उतरवायच्या आतच फोन वाजला. साडेबारा झाले होते. आण्णांची वेळ आता आईनं धरली आहे. पडद्यावर आधी तिचा चेहरा दिसला, मग नुसता कान, मग एक तपकिरी, सुरकुतलेला दोडका, त्याच्या देठाला निळ्या सदऱ्याची चिंधी. “गप ऐक हं,” ती म्हणाली आणि तिनं तो हलवला. सात हजार किलोमीटरवरून बिया खुळखुळल्या, अगदी स्पष्ट. आईचे डोळे भरून आले होते. “वाजला का गं?”

“हो आई,” मी म्हटलं, “वाजला.”

“ते असते तर अंगणातून ओरडले असते,” ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसून एकदम कामाला लागल्यासारखी म्हणाली, “अर्ध्या तुला ठेवते हं, राखेत घालून. दोन घरांत असलेलं बरं.”

मी म्हटलं, “ठेव.”